वाचकांचे प्रश्न : मोहिमेचा शेवटचा आठवडा आणि कोस्टा रिकातला नाताळ

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे एकाच गावातून, किंवा त्या गावाकडे डोळे लावून बसलेल्या पालकांकडून आली आहेत. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, निकोया द्वीपकल्पातील एका लहान गावात, चौदा तरुण-तरुणींची एक स्वयंसेवी तुकडी ऑक्टोबरच्या मध्यापासून मुक्कामाला आहे. समुद्री कासवांच्या घरट्यांची राखण आणि गावासाठी पाण्याची टाकी बांधणे, अशी दोन कामे तिच्याकडे होती. दहा आठवड्यांची मोहीम २३ डिसेंबरला संपते आणि परतीचे विमान २७ तारखेचे आहे. मधले चार दिवस कसे घालवावेत, हाच सगळ्या पत्रांचा गाभा आहे. अशा तीन तुकड्यांबरोबर मी त्याच देशात राहिलो असल्याने संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : निरोपाचा मोठा कार्यक्रम आम्ही २४ डिसेंबरच्या संध्याकाळी ठरवला आहे. गावाच्या सभागृहात जेवण, गाणी, सगळ्या गावाला आमंत्रण, असा बेत आहे. ग्रामविकास समितीच्या अध्यक्षांना विचारले तेव्हा ते हसून ‘क्लारो, कोन मुचो गुस्तो’ म्हणाले, म्हणजे ‘अर्थातच, आनंदाने’. परंतु त्यानंतर दोन आठवडे कोणीही तो विषय काढलेला नाही. सभागृहाची किल्लीही मिळालेली नाही. आमचे काही चुकले का?

चुकले ते विचारण्यात. अध्यक्षांनी तुम्हाला नकारच दिला आहे. फक्त तो तुमच्या कानाला होकारासारखा ऐकू आला. कोस्टा रिकात समोरच्या माणसाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे असभ्य मानले जाते. संबंध न दुखावता वेळ मारून नेण्याच्या या रीतीला तिथे ‘केदार बिएन’ असे म्हणतात. शब्दशः अर्थ घ्यायचा तर ‘चांगले दिसणे’. आपण ज्याला ‘कोणाचे मन न मोडणे’ म्हणतो त्याच्या जवळचे. त्यामुळे तिथला होकार शब्दांत शोधायचा नसतो. होकारानंतर कोणी वेळ विचारला का, भांड्यांची मोजदाद केली का, कोणाची तरी मावशी भात मी करीन म्हणाली का, हे पाहायचे असते. यांतले काहीही घडले नसेल आणि किल्ली दोन आठवडे ‘सापडत’ नसेल, तर उत्तर मिळालेले आहे असे समजावे.

आता २४ तारीखच का अडचणीची, ते पाहू. ती संध्याकाळ तिथे घराची असते, गावाची नव्हे. दूरच्या शहरांत कामाला गेलेली मुले त्या दिवशी दुपारपर्यंत घरी पोहोचतात, चर्चमध्ये रात्रीची मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, आणि मध्यरात्री कुटुंब एकत्र जेवते. वर्षभर वाट पाहिलेल्या त्या एका रात्री चौदा परदेशी पाहुण्यांसाठी सभागृहात येऊन बसणे कोणाच्याही जिवावर येईल. आणि न यावे तर पाहुण्यांचा अपमान होईल, या धास्तीने काही जण येतीलही. मग तुमच्या छायाचित्रांत हसरे गाव दिसेल आणि घरोघरी चुली थंड असतील.

माझी सूचना अशी, की अध्यक्षांकडे पुन्हा जावे, पण या वेळी ‘चालेल का’ असे विचारू नये. ‘२० ते २२ यांपैकी कोणता दिवस गावाला सर्वांत गैरसोयीचा आहे?’ असे विचारावे. त्या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला नकार द्यावा लागत नाही, आणि उरलेल्या दोन दिवसांतून तुम्हाला तुमचा दिवस मिळतो. शिवाय वेगळा समारंभ उभारण्याऐवजी गावात आधीच चाललेल्या कामात शिरणे अधिक शहाणपणाचे ठरेल. डिसेंबरच्या मध्यापासून तिथल्या घरांत तमाल करण्याची धांदल सुरू असते आणि त्या कामाला हात कधीच पुरेसे नसतात.

तमाल म्हणजे मक्याच्या भिजवून वाटलेल्या पिठाचा, केळीच्या जातीच्या पानात बांधून उकडलेला पदार्थ. ऐकायला सोपा, करायला दोन दिवसांचा. पहिल्या दिवशी डुकराचे मांस शिजवून त्याच्या रश्शात पीठ कालवले जाते. दुसऱ्या दिवशी लांब टेबलाभोवती माणसांची साखळी बसते : एक जण पान विस्तवावर धरून मऊ करतो आणि ओल्या फडक्याने पुसतो, दुसरा पळीभर पीठ टाकतो, तिसरा आचियोतेच्या बियांनी केशरी झालेला भात, चौथा मांसाचा तुकडा, पाचवा गाजराची एक लांब फोड आणि ढोबळ्या मिरचीची पट्टी ठेवतो, आणि शेवटचा पानाची घडी घालतो. दोन तमाल तोंडाला तोंड लावून एकाच दोऱ्याने बांधतात. त्या जोडीला ‘पिन्या’ म्हणतात. नवख्या माणसाला बहुधा दोरा देतात, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नाही असा समज असतो. माझ्या वाट्याला तेच काम आले होते. मी पहिल्या वीसेक जोड्या सुबक पण सैल बांधल्या. पातेल्यात पाणी आत शिरले आणि पिठाची पेज झाली. घरच्या आजीबाईंनी एक शब्दही न बोलता माझ्या हातातला दोरा घेतला, गाठीआधी तो एकदा जोरात ओढून दाखवला आणि परत माझ्या हातात दिला. दहा आठवड्यांत मला मिळालेला सर्वांत स्पष्ट अभिप्राय तोच होता.

तुमच्या चौदा जणांनी तीन-चार घरांत विभागून असा एक दिवस घालवावा आणि संध्याकाळी त्याच अंगणात कॉफीबरोबर तमाल खात दोन शब्द बोलावेत. मक्याच्या खर्चात तुमचा वाटा आधीच देऊन ठेवावा. शेवटी विचारले तर कोणी आकडा सांगणार नाही.

प्रश्न : आमच्यापैकी पाच जण शाकाहारी आहेत. यजमानांचे मन न दुखावता काय करावे?

‘तमाल मुदो’ मागावा. मुदो म्हणजे मुका. ज्याच्या पोटात मांस नाही तो मुका तमाल. काही घरांत त्यात घोटलेल्या घेवड्याचे सारण भरतात, काही घरांत काहीच भरत नाहीत. परंतु इथे सावध राहिले पाहिजे, कारण सारणात मांस नसले तरी पीठ बहुतेक वेळा मांसाच्या रश्शात आणि डुकराच्या चरबीत कालवलेले असते, आणि ‘यात मांस नाही’ असे यजमान अगदी प्रामाणिकपणे सांगतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी पीठ कालवण्याआधी, म्हणजे आदल्या दिवशीच, थोडे पीठ बाजूला काढून ते पाण्यात आणि तेलात कालवण्याची परवानगी मागावी आणि ते काम स्वतः करावे. त्या पिन्यांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधावा, म्हणजे एकाच पातेल्यातून त्या ओळखू येतील. तेच पाणीही चालत नसेल तर लहान पातेले वेगळे लावावे लागेल. रोंपोपे हे दूध, अंडी आणि मद्याचे गोड पेय नाताळात घरोघरी पुढे येते. अंडे किंवा मद्य न घेणाऱ्यांनी पहिला घोट घेण्याआधीच विचारावे.

प्रश्न : आम्ही आपापसांत वर्गणी काढून गावातील लहान मुलांसाठी खेळणी आणि शाळेच्या वस्तू घेतल्या आहेत. त्या २३ तारखेला वाटणार आहोत. दहा आठवडे आमचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंनाही चांगली बक्षिसी देण्याचा विचार आहे. किती द्यावी?

या एका प्रश्नात तीन वेगळे विषय आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

खेळणी वाटू नयेत. पारंपरिक कोस्टा रिकन घरांत नाताळची भेट आणतो तो ‘निन्यो’, म्हणजे बाळ येशू, आणि ती मिळते २४ च्या रात्री. आई-बापांनी डिसेंबरच्या पगारातून काही तरी घेऊन लपवून ठेवलेले असते. त्याच्या आदल्याच दिवशी परदेशी ताई-दादा पिशवी घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या पिशवीतली गाडी बापाने आणलेल्या गाडीपेक्षा मोठी निघाली, तर त्या घरात रात्री काय होईल याचा विचार करावा. घेतलेली खेळणी आई-बापांच्या हाती गुपचूप देता येतील. ती निन्योच्या नावावर जमा होतील आणि तुमचे नाव होणार नाही.

शाळेच्या वस्तूंचा विचार चांगला आहे, मुहूर्त चुकला आहे. तिथले शालेय वर्ष फेब्रुवारीत सुरू होते आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात संपते. तुम्ही वाटप कराल तेव्हा शाळेला कुलूप असेल आणि वह्या दोन महिन्यांत भावंडांच्या चित्रकलेला लागतील. गणवेश आणि वह्या-पुस्तकांचा खरा ताण पालकांवर येतो तो जानेवारीत. म्हणून सामानाची यादी करून ते मुख्याध्यापिकेकडे किंवा ग्रामविकास समितीकडे द्यावे. अशा समित्या तिथे १९६७ च्या कायद्यानुसार नोंदलेल्या असतात आणि त्यांना हिशेब ठेवावा लागतो, त्यामुळे सामान कोठे गेले याची चिंता तुम्हाला करावी लागणार नाही.

आता स्वयंपाक करणाऱ्या बाई. तुम्ही ‘बक्षिसी’ हा शब्द वापरला आहे. तो आधी बाजूला ठेवावा. बाईंना तुमच्या तुकडीने पगारावर ठेवले असेल तर त्यांना ‘अगिनाल्दो’, म्हणजे वर्षअखेरचा जादा पगार, मिळाला पाहिजे, आणि तो देणे ही मेहेरबानी नसून कायद्याने घातलेले बंधन आहे. आधीच्या १ डिसेंबरपासून ३० नोव्हेंबरपर्यंत जेवढा पगार दिला गेला त्याच्या बेरजेला बाराने भागायचे आणि येणारी रक्कम २० डिसेंबरच्या आत द्यायची, असा तो नियम आहे. बाईंनी ऑक्टोबरच्या मध्यापासून काम केले असेल, तर नोव्हेंबरअखेरपर्यंतच्या दीड महिन्याच्या पगाराचा बारावा हिस्सा आत्ता द्यावा लागेल, आणि डिसेंबरच्या दिवसांचा हिस्सा काम संपताना शेवटच्या हिशेबात. रक्कम मोठी नाही. परंतु ती ‘भेट’ म्हणून फुलांच्या गुच्छाबरोबर देऊन त्यावर टाळ्या घेणे म्हणजे दुसऱ्याचे देणे स्वतःच्या औदार्यात मोजणे होय, आणि हे मी एका तुकडीकडून होताना पाहिले आहे. बाई टाळ्यांच्या वेळी हसत होत्या. नंतर विहिणीला त्या काय म्हणाल्या, ते मला बऱ्याच उशिरा कळले. आधी अगिनाल्दो कोलोन या तिथल्या चलनात, कागदावर सही घेऊन, वेगळा द्यावा. त्यानंतर मनात असेल ती भेट जरूर द्यावी.

प्रश्न : मोहिमेची शेवटची रात्र किनाऱ्यावर शेकोटी पेटवून, गाणी म्हणत काढण्याची आमची फार इच्छा आहे. आमचे स्थानिक सहकारी काही बोलत नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. आम्ही घरट्यांपासून दूर बसू.

तुम्ही दहा आठवडे लाल प्रकाशाच्या बॅटऱ्या घेऊन त्या वाळूत फिरलात, म्हणून हा प्रश्न वाचून मला जरा नवल वाटले. वाळूतून वर आलेले पिल्लू समुद्राची दिशा शोधते ती उजेडावरून : किनाऱ्याच्या झाडीकडची बाजू काळी, पाण्याकडची क्षितिजरेषा फिकट, एवढेच त्याचे होकायंत्र असते. शंभर मीटरवर पेटलेली शेकोटी त्या क्षितिजापेक्षा कितीतरी पटींनी उजळ असते, आणि पिल्ले सरळ तिच्याकडे चालत येतात. अंडी घालायला आलेली मादीही उजेड आणि माणसांची हालचाल पाहून पाण्यातूनच मागे वळते. डिसेंबर हा लेदरबॅक कासवांच्या हंगामाचा ऐन मध्य आहे. तो ऑक्टोबरला सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. ऑलिव्ह रिडले जातीची कासवेही त्या किनाऱ्यांवर एकेकटी येत असतात. पूर्व पॅसिफिकमधील लेदरबॅकची संख्या गेल्या काही दशकांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटलेली आहे, तेव्हा ‘एकच रात्र’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. त्यात डिसेंबरपासून द्वीपकल्पावर कोरडे उत्तरी वारे वाहू लागतात आणि गवत वाळलेले असते. ठिणगी कोठे जाईल ते तुमच्या हाती राहत नाही. शेकोटीची हौस गावातील एखाद्या अंगणात, तमालच्या चुलीपाशी भागवावी.

शेवटच्या रात्री पोहायला उतरण्याचा बेतही पत्रात ओझरता आला आहे. तो रद्द करावा. त्या किनाऱ्यावर समुद्राकडे ओढून नेणारे प्रवाह दिवसाढवळ्याही माणसे घेऊन जातात, आणि खाड्यांच्या मुखाशी मगरी असतात. दिवसा पोहताना प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. रात्री आणि मद्य घेतल्यावर या सल्ल्याचा काहीही उपयोग होत नाही.

आता माझा प्रतिप्रस्ताव. तुमचे काम कागदोपत्री २३ तारखेला संपते. कासवांचे संपत नाही. २४ च्या रात्रीही किनाऱ्यावर गस्त लागते, हॅचरीच्या, म्हणजे अंडी पुरून जपण्याच्या कुंपणाच्या, जाळीपाशी कोणी तरी बसावे लागते, आणि दर वर्षी ही पाळी गावातील त्याच चार-पाच मुलांवर येते. मध्यरात्री घराघरांतून फटाके वाजू लागतात तेव्हा ती मुले अंधारात वाळूवर असतात. तुम्ही २७ पर्यंत तिथेच आहात. २४ ची पाळी तुम्ही मागून घ्या. परवान्याच्या अटीप्रमाणे एक प्रशिक्षित स्थानिक माणूस बरोबर असावा लागेल, तो कोण असेल ते त्यांना आपसांत ठरवू द्या. बाकीच्यांना घरी पाठवा. भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि माद्या बहुतेक भरतीच्या आसपास वर येतात.

माझ्या दुसऱ्या मोहिमेत आम्ही हे केले होते. योजून नव्हे, एक गस्तकरी तापाने पडला म्हणून. रात्री साडेअकराच्या सुमारास भरती होती. एकही मादी आली नाही. सव्वाबाराला झाडीतून एक लहान मुलगी आणि तिचा मामा लाल बॅटरी घेऊन आले. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या सहा गरम पिन्या होत्या. आम्ही त्या अंधारात, दोरा दातांनी सोडवून खाल्ल्या. मोहिमेची सांगता म्हणून मला आठवते ती हीच. त्याआधी सभागृहात झालेल्या भाषणांपैकी एकही आठवत नाही.

प्रश्न : आमच्यापैकी बरेच जण ख्रिस्ती नाहीत. रात्रीच्या प्रार्थनेला आणि घरांतील देखाव्यांना जावे की ते ढोंग होईल?

बोलावले तर जावे, मागच्या बाकावर बसावे, प्रसाद घेण्यासाठी रांगेत उभे राहू नये. कॅथलिक धर्म हा त्या देशाचा घटनेनेच मान्य केलेला राज्यधर्म आहे, परंतु पाहुण्याकडून श्रद्धेची अपेक्षा कोणी करत नाही. शांत बसण्याची मात्र करतात. घरातल्या देखाव्याला ‘पोर्ताल’ म्हणतात : शेवाळ, गवत, मातीच्या मूर्ती, कधी आरशाच्या तुकड्याचे तळे. त्याबाबत एक गोष्ट जपावी. मधली गव्हाण २४ च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते आणि ती मुद्दाम रिकामी असते. आमच्यापैकी एका अतिउत्साही मुलाला शेजारच्या फळीवर कापडात गुंडाळलेली बाळाची मूर्ती दिसली आणि ती चुकून तिथे राहिली असावी या समजाने त्याने ती १९ तारखेलाच गव्हाणीत ठेवून दिली. घरातील सर्वांत धाकट्या मुलीचा तो मान होता. ती किती रडली ते सांगण्यात अर्थ नाही. पोर्ताल पुढे २ फेब्रुवारीपर्यंतही ठेवतात आणि तो उतरवण्याआधी बाळाच्या नावाने घरोघरी प्रार्थना आणि खाणेपिणे होते, तेव्हा उरकण्याची घाई तिथे कोणालाच नसते.

प्रश्न (एका आईचा) : मुलगा म्हणतो की २५ आणि २६ तारखेला सगळे राजधानीत जाऊन बैलांचा खेळ आणि घोड्यांची मिरवणूक पाहणार आहेत. हे कितपत सुरक्षित आहे?

२६ डिसेंबरला सान होसेमधून निघणारी घोड्यांची मिरवणूक, ‘तोपे’, अवश्य पाहावी. गर्दी फार असते, पाकीट आणि पासपोर्ट सांभाळावा, एवढेच. बैलांचा खेळ सापोते या भागात नाताळपासून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांपर्यंत चालतो. त्यात बैलाला मारत नाहीत. त्याऐवजी हौशी तरुणांचा घोळकाच रिंगणात उतरतो आणि बैल त्यांच्यावर सोडतात. जखमींना उचलण्यासाठी रेडक्रॉसची माणसे कठड्याशी तयार उभी असतात. प्रेक्षकांत बसून पाहावे की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. रिंगणात उतरणे मात्र हात दाखवून अवलक्षण करून घेणे आहे, आणि बहुतेक प्रवास-विम्यांत असल्या स्वेच्छेने ओढवून घेतलेल्या इजेला भरपाई नसते. मुलाला विम्याचा कागद काढून तेवढे कलम वाचायला सांगावे. आईच्या बोलण्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल. प्रवासाबद्दल एक व्यावहारिक सूचना : २५ तारीख ही सार्वत्रिक सुटी आहे, किनाऱ्यावरच्या लहान गावातून त्या दिवशी बसच्या भरवशावर निघू नये. गाडी आधी ठरवावी, आणि रात्रभर गस्त घातलेल्या कोणालाही चालवायला बसवू नये.

प्रश्न : टाकीवर आमच्या चौदा जणांची नावे आणि तुकडीचे चिन्ह रंगवावे, अशी सर्वांची इच्छा आहे. यात काही गैर आहे का?

टाकीवर चौदा नावे लिहिली आणि चर खणणाऱ्या गावकऱ्यांची चाळीस लिहिली नाहीत, तर गैर आहे. चोपन्न लिहिली तर टाकी उरणार नाही. रंगाचा तो डबा गंज-प्रतिबंधकासाठी वापरावा.

त्यापेक्षा हस्तांतराकडे लक्ष द्यावे, कारण शेवटच्या आठवड्यात नेमके तेच राहून जाते. कोस्टा रिकाच्या ग्रामीण भागात पाणीपुरवठा बहुधा गावकऱ्यांची स्वतःची संस्था चालवते. तिला ‘असादा’ म्हणतात. टाकीचा खरा समारोप असादाच्या माणसाबरोबर व्हायला हवा : झडप कोणत्या दिशेने बंद होते, गाळ काढण्याची तोटी कोठे आहे, जमिनीखालची जोडणी कोणत्या दगडापासून किती पावलांवर गाडली आहे. हे त्याच्यासमोर उभे राहून, त्याच्या हाताने करून घ्यावे आणि नकाशा स्पॅनिशमध्ये द्यावा. झडपेच्या वॉशरचे पाच-सहा नग जास्तीचे ठेवावेत. आमच्या पहिल्या टाकीवर सुंदर सूर्योदय रंगवलेला होता. तिची झडप फिरवण्याची किल्ली मात्र आमच्यापैकी एकाच्या पाठपिशवीतून विमानात बसून गेली.

हॅचरीच्या नोंदवहीचेही तसेच. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुरलेली घरटी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत फुटतील, म्हणजे तुम्ही घरी पोहोचल्यावर महिन्याभराने. प्रत्येक घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि अपेक्षित दिवस दुसऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात लिहिले आहे का, हे स्वतः न तपासता जो पुढे ती वही वापरणार आहे त्याला वाचायला लावावे.

प्रश्न : ‘आम्ही पुन्हा येऊ’ असे यजमान कुटुंबाला सांगावेसे वाटते. निघाल्यानंतर संबंध कसा टिकवावा?

तिकिटाचे पैसे हाताशी असल्याशिवाय ते वाक्य बोलू नये. त्या घराने तुमच्या आधी तीन तुकड्यांकडून ते ऐकलेले आहे.

छायाचित्रे पाठवावीत, फोनवर तर पाठवालच, पण कागदावर छापून पाठवावीत. फोन बदलतात, भिंतीवरचे चित्र राहते. ती निवडताना तुम्ही मध्यभागी आहात अशी न घेता आजीबाई एकट्या, नीट केस विंचरून बसलेल्या आहेत असे एखादे घ्यावे, आणि ते काढण्याआधी त्यांना विचारावे. पत्ता मात्र निघण्याआधी त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा, कारण तिथे घराला क्रमांक आणि गल्लीला नाव असेलच असे नाही. पत्ता खुणेवरून सांगतात. ‘चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला, मग पन्नास मीटर पूर्वेला, निळे फाटक’ हा तिथला पूर्ण आणि रीतसर पत्ता आहे, आणि शंभर मीटर म्हणजे फूटपट्टीने मोजलेले शंभर नव्हेत, एक चौक. खूण नाहीशी झाली तरी पत्ता बदलत नाही : राजधानीजवळच्या सान पेद्रोमध्ये एक मोठे वडाच्या कुळातले झाड पडून कित्येक वर्षे झाली, तरी ‘जुन्या इगेरोनपासून’ इतके मीटर असे पत्ते अजूनही सांगितले जातात. तेव्हा एखाद्या वर्षी तुमच्या यजमानांनी पाठवलेल्या पाकिटावर ‘नव्या टाकीपासून पंचाहत्तर मीटर दक्षिणेला’ असे लिहिलेले दिसले, तर उत्तर पाठवताना ते तसेच्या तसे उतरवून काढावे.